तेरा मिलिमीटरचा मोह

गॅरेजच्या मागं बाभळीखाली बोलेरोची एक चासी पडून आहे. फोर व्हीलची. वर बॉडी नाही, इंजिन नाही. दोन लांब चॅनेल, मधल्या आडव्या पट्ट्या, पुढचा-मागचा एक्सल आणि पोटाशी लटकलेली ट्रान्सफर केस. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "मिस्त्री, ही द्यायची का?" मी म्हणतो, "नाही, ती पावती आहे." कशाची पावती ते बहुतेकदा सांगत नाही. आज सांगतो.

धाराशिवला माझं स्वतःचं गॅरेज २००५ पासून आहे. त्याआधी सात वर्षं सोलापुरात एका उस्तादाच्या हाताखाली काढली. काम म्हणाल तर काळी-पिवळी जीप, उसाच्या ट्रॉल्या, टेम्पोचे हौदे आणि पाण्याचे टँकर. आमच्याकडं पाऊस दगा देतो त्या साली टँकरची कामं येतात आणि बरा पडतो त्या साली ट्रॉल्यांची. वेल्डिंगवाल्याला उपाशी राहावं लागत नाही, पण नावही होत नाही. ट्रॉली कुणी बनवली हे कुणी विचारत नाही. मला ते खुपायचं. पुढच्या गोष्टीत ही खुपणी महत्त्वाची आहे, म्हणून आधीच कबूल करतो.

२०२२ च्या सुरुवातीला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचं नाव घराघरांत पोचलं होतं. भंगारातले भाग जोडून, साधारण ६० हजारांत त्यांनी मुलासाठी छोटी जीप बनवली. किक मारून चालू होणारी. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि तिच्या बदल्यात नवीकोरी बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती दिलीही. त्या महिन्यात माझ्याकडं आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं मोबाइलवर तो व्हिडिओ मला दाखवला. वर टोमणा ठरलेला, "मिस्त्री, तुम्ही कवा करलालाव असलं?"

त्याच दिवसांत तुळजापूर तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी आला. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, पूर्वी गुत्तेदार होते. १९९१ साली त्यांनी पांढरी कॉन्टेसा घेतली होती. आजच्या पोरांना कॉन्टेसा काय ते सांगावं लागतं. अँबेसिडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या एका मॉडेलवरून ती काढली आणि २००२ मध्ये बंद केली. मधल्या काळात ती मंत्र्यांची, कारखान्याच्या चेअरमनची आणि सिनेमातल्या खलनायकाची गाडी होती. आबांची कॉन्टेसा दहा-बारा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांखाली होती. आबांची आता ऐंशी उलटली होती, गुडघे गेले होते. जीपमध्ये बसायला ते तयार नव्हते, ट्रॅक्टरवर चढता येत नव्हतं. त्यांचं एकच टुमणं होतं, "मला माझ्या गाडीत शेतात न्या." पण मृगाचे दोन पाऊस झाले की पाणंदीत कॉन्टेसा पोटावर बसायची.

मुलाच्या डोक्यात कल्पना तयारच होती. बोलेरोची फोर व्हील चासी घ्यायची आणि तिच्यावर कॉन्टेसाची बॉडी ठेवायची. वरून राजा, खालून बैल. माझ्या अंगावर काटा आला. मी विचार करतो म्हणालो, पण मनात हो झालंच होतं.

शहाण्या माणसानं त्या दिवशी कायद्याचं पुस्तक काढलं असतं. मी टेप काढला. कॉन्टेसाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २,६६७ मिलिमीटर. बोलेरोचं २,६८०. फरक १३ मिलिमीटर. माझ्या करंगळीएवढा! एक गाडी बंगालातल्या उत्तरपाड्याला बनलेली, दुसरी आपल्या नाशिकची, वंश वेगळे, काळ वेगळा, आणि करंगळीएवढा फरक. मला तो दैवी संकेत वाटला. दुसऱ्याच आठवड्यात मी ओळखीच्या भंगारवाल्याकडून ही चासी ६२ हजारांना उचलली. गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स न घेता, स्वतःच्या पैशानं. कागदावर एक रेघ मारायच्या आधी.

टेप खोटं बोलत नाही. पण टेपला जेवढं विचारावं तेवढंच तो सांगतो.

इथं मला २००७ सालात मागं जावं लागेल. गॅरेज नवं होतं. एका काळी-पिवळीवाल्याला जीप फूटभर लांब करून हवी होती, म्हणजे मागं आणखी चार माणसं बसतात. मी चासीचे दोन्ही चॅनेल एका रेषेत सरळ कापले, मध्ये तुकडा घातला, वेल्डिंग मारलं आणि वरून चारी बाजूंनी गच्च वेल्डिंग करून पट्टी ठोकली. मला वाटलं, जितकं जास्त वेल्डिंग तितकं मजबूत. चार महिन्यांनी येडशीच्या घाटात अकरा माणसं भरलेली ती जीप मधूनच खाली लवली आणि प्रोपेलर शाफ्ट पत्र्यावर आदळायला लागला. ड्रायव्हर जुना होता, त्यानं आवाज ओळखून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री मी जेवलो नाही.

उस्तादांना फोन केला. ते सोलापुरातून एसटीनं आले. मला एक शब्द बोलले नाहीत. जोडाजवळचा रंग खरवडला, त्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, दहा मिनिटं बिडी ओढली, मग रॉकेल कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढलं आणि खडूची पूड बोटानं वर पसरली. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडू ओला करत होतं. रेघ माझ्या जोडावर नव्हतीच. मी ठोकलेली पट्टी जिथं संपत होती, तिथल्या उभ्या वेल्डिंगवरून ती निघाली होती. पट्टीमुळं मधला भाग ताठ झाला, शेजारचा मवाळ राहिला, आणि खड्ड्याखड्ड्याला चासी त्या सीमेवरच वाकत राहिली. उस्ताद एवढंच म्हणाले, "ओझं पाण्यासारखं असतंय. त्याला वाट लागती. तू वाट नाही दिली तर ते आपली आपण काढतंय."

ते गेल्यावर मला आजोळ आठवलं. माझं आजोळ सास्तूरच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. त्या भिंतींनीच माणसं घेतली. पण काही घरांत आत लाकडी खण होता. खांब, त्यावर तुळया, त्यावर माळवद. तिथं भिंती बाहेर कोसळल्या आणि खण उभा राहिला. भिंत नसलेलं छप्पर चार खांबांवर उभं असलेलं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तो चमत्कार वाटला होता. उस्तादांच्या त्या वाक्यानंतर कळलं की चमत्कार नाही. ओझ्याला वाट होती.

आता कॉन्टेसाकडं परत येतो, कारण दोन्ही गाड्यांतला फरक नेमका हाच आहे. बोलेरो खणाच्या घरासारखी. खाली शिडीसारखी चासी, सगळं ओझं तिच्यावर, बॉडी वर रबराच्या बुशांवर नुसती ठेवलेली. कॉन्टेसाला चासीच नाही. तिचं फर्श, दाराखालच्या पेट्या, छत, इंजिन आणि केबिनमधला पडदा सगळं एकत्र जोडलेलं असतं आणि ते सगळं मिळून ओझं पेलतं. भिंतींवरचं घर. असलं घर उचलून दुसऱ्याच्या खणावर ठेवायचं तर कुठल्या भिंतीला कुठला खांब लावणार? कॉन्टेसाच्या फर्शात बोल्ट मारायला जागाच नाही, कारण तिला कधी कुणाच्या डोक्यावर बसायचंच नव्हतं.

तरी मी सोडलं नाही. उलट आता मला आव्हान वाटायला लागलं. गॅरेजच्या कोब्यावर खडूनं दोन्ही गाड्या पूर्ण मापात, एकावर एक काढल्या. पांढऱ्या खडूनं कॉन्टेसा, निळ्यानं बोलेरो. पोरं त्यावरून पाय टाकायची आणि माझ्या शिव्या खायची. मार्च-एप्रिल मी रोज संध्याकाळी शटर ओढून त्या रेघांभोवती गुडघ्यावर फिरत होतो. दुरुस्तीत सगळं समोर असतं, मोडलेलं दिसतं. इथं अजून न मोडलेलं आधी बघायचं होतं. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामात मी एवढं कधी शिकलो नाही.

पहिलं कळलं ते १३ मिलिमीटरचं. चाकांमधलं अंतर जुळत होतं, पण पुढच्या चाकापासून ड्रायव्हरच्या छातीपर्यंतचं जुळत नव्हतं. कॉन्टेसाचं बॉनेट लांब, माणूस मागं आणि खाली बसलेला. बोलेरोत तो पुढं आणि उंच. त्यामुळं स्टेअरिंगचा दांडा, ब्रेकचं पेडल, क्लच, सगळं वीतभर हलवायचं. स्टेअरिंगमध्ये एक जादा जॉइंट म्हणजे मोडायला एक जादा जागा.

दुसरं कळलं वजनकाट्यावर. उसाच्या काट्यावर आधी कॉन्टेसा आख्खी तोलली: १,१९० किलो. मग नुसती पुढची चाकं चढवली: ६४०. काटेवाला विचारत होता, "आता काय एकेक चाक तोलणार का?" मला गाडीचा गुरुत्वमध्य शोधायचा होता. पॉलिटेक्निकला शिकवणारे एक सर माझ्याकडं गाडी आणतात. त्यांनी मला एक सोपं गणित दिलं: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. सेडानला उत्तर १.३ ते १.५ येतं, उंच गाड्यांना १ ते १.३. जितकं कमी तितकी गाडी वळणावर उलटायला उतावीळ. आमच्या अंदाजे मापानं कॉन्टेसाचं उत्तर १.३ होतं, आणि चासीवर ठेवलं की ते थेट १ च्या जवळ येत होतं. वर बसणारा माणूस मात्र जुन्या सवयीनं कॉन्टेसा समजूनच ती वळवणार. येडशीच्या घाटातली अकरा माणसं मला त्या आकड्यात दिसली.

तिसरं दारानं सांगितलं. हा प्रयोग कुणालाही करता येईल. कॉन्टेसा सपाट जमिनीवर उभी करून ड्रायव्हरचं दार लावलं. हॅक्सॉचं पातं दाराच्या फटीत वरपासून खालपर्यंत सरकवलं, सगळीकडं सारखं गेलं. मग मागचं डावं चाक जॅकवर हळूहळू उचललं. चाक जमिनीवरून चार बोटं सुटलं तेव्हा पातं वरच्या कोपऱ्यात अडकलं आणि खालच्या बाजूला ढिलं झालं. दार उघडलं ते कुरकुरत, लावलं ते दोनदा आपटून. दाराखालची पेटी मी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचली तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि लाल भुगा सांडला. शेणामुताच्या ओलीनं शेडमध्ये दहा वर्षांत ती आतून खाल्ली होती. वरून रंग तुकतुकीत. ज्या भिंतीवर मी घर उचलणार होतो ती भिंतच नव्हती.

चौथं शेतात कळलं. फोर व्हील म्हणजे चिखलातून सुटका, असा सगळ्यांचा समज असतो, माझाही होता. पण आमची काळी चिकण माती वेगळी. ती चाकाच्या नक्षीत भरते आणि टायरचा गुळगुळीत लाडू करते. मग दोन चाकांना जोर दिला तर दोन खड्डे, चार चाकांना दिला तर चार. ट्रॅक्टरचं चाक चालतं ते त्याच्या उंच, तिरप्या खुरांमुळं. फिरता फिरता ती माती फेकून देतात. शिवाय बॉडी कितीही वर उचला, एक्सलचा गोळा टायरच्या मापावर ठरलेल्या उंचीलाच राहतो. पोट सुटलं तरी तो गोळा चिखल नांगरत जातो. उंची डोळ्यांना दिसते, ती एक्सलला मिळत नाही.

एवढं सगळं कळूनही मी थांबलो नव्हतो, हे लिहिताना लाज वाटते. प्रत्येक अडचणीला माझ्याकडं उत्तर होतं. पेट्या नव्या करू, खाली सब-फ्रेम टाकू, रुंद टायर घालू. डोक्यात कुठंतरी वर्तमानपत्रातला फोटो होता. देवराष्ट्र्याची बोलेरो होती.

कायद्याची गोष्ट मी शेवटी काढली, ती पहिली काढायला हवी होती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. मंजूर संचानं सीएनजी किंवा इलेक्ट्रिक करणं, दिव्यांगांसाठी बदल करणं, अशा मोजक्या वाटा नियमात आहेत, बाकी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ या कलमात ही तरतूद आली: मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि एक अडचण दंडापेक्षा मोठी होती. बोलेरोचा नंबर तिच्या चासीवर ठोकलेला. कॉन्टेसाला चासी नाही, म्हणून तिचा नंबर बॉडीच्या पत्र्यावर. दोन्ही जोडल्या की एका गाडीला दोन नंबर, आणि ती दोघांपैकी कुणीच नाही. रस्त्यात काही झालं तर विमावाला काय म्हणेल ते सांगायला नको.

एका एजंटानं सांगितलं, "कागदावर बसवून देतो, काळजी करू नका." त्या वाक्यानं मात्र मी सावध झालो. जे कागदावर बसवावं लागतं ते रस्त्यावर बसत नाही, एवढं पंचवीस वर्षांत शिकलो होतो. तेव्हा मी देवराष्ट्र्याची ती बातमी पुन्हा नीट वाचली. महिंद्रांनी कौतुक केलं होतंच; पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावरून थांबवतील, हेही तिथंच लिहिलं होतं. म्हणून तर बदल्यात बोलेरो. आम्ही सगळ्यांनी बक्षिसाचं वाक्य पाठ केलं आणि त्याच्या शेजारचं सोडून दिलं. लोहारांची कारागिरी खोटी ठरत नाही, पण तिच्यातून मी घेतलेला धडा अर्धाच होता.

तरीही शेवटचा खिळा कायद्यानं ठोकला नाही. तो आबांनी ठोकला.

मे महिन्यात आबा स्वतः गॅरेजवर आले. कॉन्टेसाच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी उत्साहात त्यांना कोब्यावरच्या रेघा दाखवल्या, भिंतीवर खुणा केल्या होत्या त्या दाखवल्या. इथं छत येणार, इथं खिडकी, इथं दाराचा उंबरा. उंबऱ्याची खूण जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर होती. आबांनी काठी टेकली, त्या खुणेकडं पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं. म्हणाले, "मिस्त्री, लय भारी. पर ह्यात चढायला मला शिडी लागंल की."

मुलगा हसला. मी हसू शकलो नाही. चार महिने मी चाकं मोजली, एक्सल मोजले, गुरुत्वमध्य काढला. ज्या माणसासाठी गाडी करत होतो त्याचा गुडघा मोजला नव्हता. जीपमध्ये चढता येत नाही म्हणून तर सगळा खटाटोप होता, आणि मी त्याच्यासाठी जीपपेक्षा उंच गाडी आखली होती.

त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायचा होता. "आबा, गाडी नेमकी कुठं रुतती?"

"ओढ्याच्या अल्याड. पलीकडं काय, सगळा मुरमाड माळ हाय. तिथं काय बी रुतत नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा पाणंदीनं चालत गेलो. घरापासून शेतवस्ती दीड किलोमीटर. काळी माती होती ती ओढ्याच्या खोलगट भागात, माझ्या पावलांनी १४० पावलं. म्हणजे १०० मीटरच्या आसपास. त्या शंभर मीटरसाठी मी एक गाडी कापायला निघालो होतो, दुसरी उचलायला निघालो होतो आणि दोन माणसांना कायद्याच्या अंगावर घालणार होतो.

बांधालगतच्या तीन शेतकऱ्यांना एकत्र बसवायला मात्र गाडी बनवण्याहून जास्त त्रास पडला. पाणंद मुळात रुंद होती. प्रत्येकानं दर नांगरणीला तासभर सरकून ती खाल्ली होती, आणि प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडं होतं. शेवटी आबांनी सगळ्यांना घरी बोलावून जेवू घातलं. दहा फूट मोकळं झालं. तहसीलची परवानगी काढून मुरूम आणला. खाली दगडाची सोलिंग, मध्ये पाणी जायला सिमेंटचा पाइप, वर साधारण चाळीस ब्रास मुरूम, रोलर. दोन्ही बाजूंना चर. सगळं मिळून दीड लाखाच्या आत झालं. माझ्या गाडीचा अंदाज सहा लाखांच्या वर गेला होता, आणि अनुभवानं सांगतो, असल्या कामात अंदाज कधी खाली येत नाही.

कॉन्टेसाचं काम मी केलं, पण तिचंच. दाराखालच्या दोन्ही पेट्या कापून नवा पत्रा घातला. फर्शाचे तुकडे बदलले. ब्रेक, होज, इंधनाची टाकी, वायरिंग. मागचं चाक जॅकवर उचलून पुन्हा हॅक्सॉचं पातं फिरवलं. आता ते वरपासून खालपर्यंत सारखं गेलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, ती रीतसर करून घेतली. तपासणीला माझ्यासमोर एकही प्रश्न आला नाही, कारण लपवायला काही नव्हतं. गाडी जशी होती तशी झाली, एवढंच. कुणी फोटो काढला नाही.

या कामानं मला दोन सवयी लावल्या. पहिली, कुठलंही मोठं काम आलं की मी आता ग्राइंडर हातात घेण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहितो: ओझं कुठून कुठं जाणार, हे वापरणार कोण, आणि हे कागदावर कुणाच्या नावानं उभं राहणार. तिन्हींची उत्तरं आली नाहीत तर भाव सांगत नाही. दुसरी, नाही म्हणायला लवकर शिकलो. पूर्वी गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला कमीपणाचं वाटायचं, हात कच्चा असल्यासारखं. खरं तर मला गिऱ्हाइकाची भीती नव्हतीच. ती कल्पना माझीही होती आणि मला स्वतःलाच नाही म्हणायचं होतं. ते जड जातं. कधी कधी बासष्ट हजार लागतात.

आता माझ्याकडं आयटीआयची पोरं शिकायला येतात. त्यांच्या मोबाइलवर सहा चाकांच्या थार आणि विमानासारखी दारं लावलेल्या गाड्या असतात. मी त्यांची थट्टा करत नाही, कारण तो मोह मला माहीत आहे. डोक्यात असं काही घोळायला लागलं की रेघा मारा, मापं घ्या, वजनकाट्यावर जा, महिनाभर डोकं खाजवा. त्यातून जेवढं शिकाल तेवढं कुठल्या वर्गात शिकणार नाही. फक्त कापू नका. कापण्याआधी ज्याच्यासाठी करताय त्या माणसाला एकदा शेजारी उभं करा आणि अडचण जिथं आहे तिथंपर्यंत चालत जा.

बाभळीखालच्या चासीवर आम्ही हल्ली ट्रॉलीचे हौदे ठेवून वेल्डिंग करतो. उंची बरोबर कमरेएवढी आहे, वाकावं लागत नाही.